मे महिन्यातला ताल

कंपनीच्या मुलाखतीत मला एकच खरा प्रश्न विचारला गेला. "मैडम, ये सब ऑफिस में बैठे-बैठे हो जाता है ना?"

मी हो म्हणाले. ते थोडं खोटं होतं. पण सोळा वर्षांनी पहिल्यांदा कोणीतरी माझ्या शिक्षणाबद्दल विचारत होतं, आणि मला नोकरी हवी होती.

भूगोलात एम.ए. आणि त्यावर उपग्रहाची चित्रं वाचायचा एक वर्षाचा कोर्स, हे सगळं नागपुरात झालं होतं. मग लग्न झालं. नवरा सरकारी बँकेत, दर तीन-चार वर्षांनी बदली. लखनौ हे आमचं पाचवं गाव. इंदिरा नगरात तिसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर मिळालं. मुलगी तोवर नववीत गेली होती. मी मराठीत बोलायचे, ती "हाँ मम्मी, सुन लिया" म्हणून खोलीत निघून जायची. दिवसभर घरात करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कंपनी तांदूळ आणि पीठ पॅक करून परदेशी पाठवायची. शहराबाहेर तिची चार मोठी गोदामं होती. एका परदेशी गिऱ्हाइकाने लांबलचक तक्ता पाठवला होता: तुमच्या प्रत्येक जागेवर आणि तिच्या आसपास नैसर्गिक अधिवास किती आहे, आणि तुम्ही आल्यापासून तो किती वाढला किंवा घटला, ते मोजून कळवा. ऑफिसात कोणालाच यातलं कळत नव्हतं. माझे साहेब पन्नाशीचे, मृदू बोलणारे, लखनौच्याच महानगर भागात राहायचे. त्यांनी तो तक्ता माझ्यासमोर ठेवला आणि हसून म्हणाले, "अब आप ही जानें."

मला आठवतं, त्या दिवशी मी घरी येताना मिठाई घेतली होती.

काम तसं समजायला सोपं आहे. आधी एक आधार वर्ष ठरवायचं. आम्ही कंपनीने जमीन घेतली त्याच्या आदलं वर्ष धरलं. त्या वर्षाची उपग्रहाची जुनी चित्रं काढायची आणि जमिनीचे तुकडे पाडायचे: हे शेत, हे गवत, हे पाणथळ, हे बांधकाम. मग आत्ताची चित्रं घेऊन तेच करायचं. दोन नकाशे एकमेकांवर ठेवले की कशाचं काय झालं ते दिसतं. शेवटी स्वतः जाऊन काही ठिकाणी पाहून यायचं, कारण वरून जे गवत दिसतं ते खाली जाऊन पाहावं तर बरसीमचं, म्हणजे गुरांच्या चाऱ्याचं, शेत निघतं. लावलेली झाडं नैसर्गिक अधिवासात धरायची नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऋतू. या बाजूचे ताल, म्हणजे उथळ तळी, श्रावणात भरतात, होळीपर्यंत पाणी धरतात आणि मे महिन्यात तडकून कोरडे पडतात. मे महिन्याच्या चित्रात ताल आणि त्याच्या शेजारची खारवट ऊसर जमीन सारखीच पांढुरकी दिसते. म्हणून मी नियम केला: प्रत्येक वर्षाची तीन चित्रं घ्यायची. पावसाळ्यानंतरचं, थंडीतलं आणि उन्हाळ्यातलं. वर्षातून एकदा तरी जिथे पाणी दिसलं ती जागा पाणथळच. हे सगळं मी चाळीस पानांच्या पुस्तिकेत लिहून काढलं. इतकं मन लावून मी माझा एम.ए.चा प्रबंधही लिहिला नव्हता.

तिसऱ्या गोदामाच्या मागे असा एक ताल होता. कार्तिकात मी तो पाहायला गेले. कंपनीच्या ड्रायव्हरने गाडी भिंतीपाशी थांबवली आणि मी एकटीच खाली उतरले. पाण्यावर शिंगाड्याच्या वेलांचा हिरवा थर होता, आणि मध्ये एक म्हातारा ट्रकच्या टायरच्या फुगवलेल्या ट्यूबवर पोटावर झोपून शिंगाडे तोडत होता. मी भंडारा जिल्ह्यातली. आमच्याकडे तळ्यांत शिंगाडा होतो, तो काढणाऱ्यांचे काळे पडलेले हात मी लहानपणापासून पाहिलेत. मी काठावरून ओरडून विचारलं, "चाचा, इस बार फल कैसा है?"

त्याने मान वर केली. शहरातली बाई पिकाची विचारपूस करते म्हणताना तो ट्यूब रेटत काठावर आला.

त्या तालावर त्याच्या बापापासून शिंगाडा होत होता. पाणी उत्तरेच्या नाल्यातून येतं, हे त्याने सांगितलं. भर पावसात ते कुठवर चढतं ते दाखवायला मला चालत एका खजुराच्या झाडापर्यंत नेलं. पलीकडच्या कोपऱ्यात त्याने वेल लावलेच नव्हते. मी कारण विचारलं.

"वहाँ सारस बैठता है," तो म्हणाला. "जोड़ा है. बेल लगा दें तो कहाँ जाएगा?"

माझ्या जिल्ह्यात आता सारस दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. इथे हा माणूस त्याच्यासाठी पिकाचा कोपरा सोडून बसला होता, आणि त्याचं त्याला काही विशेष वाटत नव्हतं.

मी माझ्या यंत्रावर जागा टिपत होते. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "बिटिया, नाप के क्या होगा?"

मी त्याला जे उत्तर दिलं ते मला शब्दाशब्दाने आठवतं. मी म्हणाले, "चाचा, एक बार काग़ज़ पर चढ़ गया तो कोई पाट नहीं सकेगा."

कागदावर आलेला ताल कोणी बुजवू शकणार नाही, हे मला खरंच वाटत होतं.

त्याने ते माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं. पुढच्या महिन्यात गेले तर पाण्याच्या काठाने बांबूच्या खुंट्या ठोकलेल्या. "जहाँ तक पानी था, वहाँ गाड़ दिया. आपके काम आएगा." नंतर दर महिन्याला पाणी मागे सरकलं की तो नवी रांग ठोकायचा आणि मला फोन करून सांगायचा. उपग्रहाच्या चित्रावरची माझी रेघ आणि त्याच्या खुंट्या यांत चार पावलांचा फरक निघायचा. बहुतेक वेळा चूक माझी असायची.

पुढच्या वर्षी कंपनीने गोदाम वाढवलं. ट्रक उभे राहावेत म्हणून उत्तरेला भराव घालून उंच रस्ता केला. मी रस्त्याचा नकाशा पाहिला होता. नाल्याच्या जागी पाणी खालून जायला मोरी दाखवलेली होती, म्हणून मी गप्प राहिले. मोरी बांधलीच नाही, हे मला भाद्रपदात कळलं, चाचाचा फोन आला तेव्हा.

"बिटिया, इस बार पानी नहीं आया. खूँटी कहाँ गाड़ें?"

मी दुसऱ्या दिवशी गेले. रस्त्याच्या पलीकडे नाल्याचं पाणी तुंबून लोकांच्या भातात शिरलं होतं. अलीकडे तालाच्या मध्यभागी गुडघाभर डबकं आणि बाकी सगळा चिखल. वेलीचं रोप त्याने आणून ठेवलं होतं, ते काठावर सडत पडलं होतं. तो खजुराच्या झाडाखाली उकिडवा बसला होता. मी म्हटलं, "मैं रिपोर्ट में लिखूँगी."

"हाँ, लिखिए," तो म्हणाला. माझा धीर तोच वाढवत असल्यासारखा.

आणि मी लिहिलं. आधार वर्षाशी तुलना केली: पाणथळ निम्म्याहून कमी उरली, कारण नाला अडला, उपाय म्हणजे रस्त्याखाली मोरी. नकाशे जोडले, खुंट्यांचे फोटो जोडले. कच्चा अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला.

दोन दिवसांनी त्यांनी बोलावलं. जेवणाची वेळ होती. त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. "लीजिए, घर की तहरी है." मी त्या मसालेभाताचे दोन घास घेतले. मग ते म्हणाले, "मैडम, ये तीन-तीन मौसम का झमेला किसने कहा है? बाहर वालों ने?"

"नहीं सर. वो बस इतना कहते हैं, सही मौसम चुनिए और दोनों साल वही रखिए."

"तो मई रख लीजिए. बादल नहीं होते, फोटो साफ़ आती है. इसमें गलत क्या है?"

"सर, मई में ताल सूखा रहता है. दोनों साल सूखा दिखेगा."

"हाँ," ते म्हणाले.

पुढे त्यांनी काही बोलायची गरज नव्हती. दोन्ही वर्षी कोरडा, म्हणजे बदल शून्य. मी म्हणाले, ताल तर होता सर, लोकं त्यात पीक काढतात, पक्षी घरटं करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकदाही मध्ये बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपकी मेहनत हम बेकार नहीं जाने देंगे. मोरी भी बनवा देंगे, बजट आने दीजिए. और आपका कॉन्ट्रैक्ट भी इसी महीने रिन्यू होना है ना? वो मैं देख लूँगा."

त्यांनी धमकी दिली असती तर मला भांडता आलं असतं. ते खरोखरच माझी काळजी करत होते.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो टीव्ही पाहत होता, त्याने आवाज कमी केला तेवढंच. "तू कायले एवढं डोक्यात घेतेस? तुझी सही नसली तर दुसऱ्या कोणाची होईल. ताल तर काही परत येत नाही."

"अहो, पण पद्धत माझी आहे."

"मग तूच बदल. तुला जमते तेवढं चांगलं दुसऱ्या कोणाले जमणार आहे?"

तो चिडवत नव्हता, खरंच कौतुक करत होता. मुलीची दहावी तोंडावर होती, क्लासची फी तिच्या बाबांच्या पगारातून जाईल आणि घरभाडं माझ्या, असं आम्ही ठरवलेलं होतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. त्या महिन्यात घरात जे चाललं होतं ते सांगते आहे.

मी पुस्तिकेतलं एक वाक्य बदललं. 'ढगांचा अडथळा टाळण्यासाठी व तुलनेत सातत्य राखण्यासाठी दोन्ही वर्षांची मे महिन्यातील प्रतिमा वापरावी.' कोणी बोट ठेवू शकणार नाही असं ते वाक्य आहे. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर कुठेतरी कच्चं राहिलं असतं. मी एक संध्याकाळ घालवून त्याला पक्कं केलं. ताल नव्या नकाशावर ऊसर झाला. गोदामाभोवती लावलेली निलगिरीची रोपं नैसर्गिक अधिवासात धरू नयेत, ही एक गोष्ट मी अडून राहून सांभाळली. साहेबांनी ती लगेच मान्य केली आणि निलगिरीचा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर टाकला. मी खाली सही केली.

थंडी संपत आली तेव्हा गेटवरून फोन आला, कोणी म्हातारा तुम्हाला भेटायचं म्हणतो. चाचा गार्डच्या बाकावर बसला होता. धुतलेला कुर्ता, पायात बहुधा मुलाचे बूट. नाला मोकळा करा, असा अर्ज तहसीलमध्ये द्यायला गेला होता. तिथे म्हणाले, इथे ताल होता याचा काही पुरावा आण.

"हमने कहा, बिटिया ने नापा है. वही काग़ज़ दे दीजिए."

पहिल्या वर्षाचे नकाशे माझ्या टेबलाच्या खणात होते. गेटपासून दोन जिने वर. छापील, रंगीत, त्याच्या खुंट्यांसकट.

मी म्हणाले, "चाचा, वो काग़ज़ कंपनी का है. मैं नहीं दे सकती."

राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. समजून घेत होता. "अच्छा," तो म्हणाला. "हम समझे सरकारी है." मी चहा मागवला. त्याने तो पूर्ण प्याला, कप गार्डच्या हातात नीट परत दिला आणि निघून गेला. मी त्याला स्टॅण्डपर्यंत सोडायलाही गेले नाही, कारण वर मीटिंग होती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी दिल्लीहून तपासणीला एक माणूस आला. अहवाल बरोबर आहे का ते पाहणारा, तिशीतला, हुशार, घाईत असलेला. मी मनाशी ठरवलं होतं की याने विचारलं तर सगळं सांगायचं. त्याने विचारलं नाही. पुस्तिका वाचली, यादीतल्या रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या. निघताना मीच म्हणाले, "पुस्तिका का पहला संस्करण देखेंगे? उसमें मौसम अलग थे."

"वो तो रद्द हो गया ना?"

"जी."

"तो रहने दीजिए मैडम. सच कहूँ तो इतना साफ़ काम मैंने कम देखा है." त्याने माझा नंबर घेतला, इतर कंपन्यांना प्रशिक्षण द्याल का विचारलं. मी हो म्हणाले. पुढच्या वर्षभरात तीन ठिकाणी मी ते प्रशिक्षण दिलंही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मोरी झाली नाही. दोन पावसाळे कोरडे गेल्यावर तालाच्या जागेत अर्ध्या भागावर भराव पडला आणि उरलेल्यात निलगिरी लागली. मी पाहणीला गेले तेव्हा रोपांना पाइपने पाणी घालत एक माणूस उभा होता, खाकी शर्ट, खिशावर कंपनीचं चिन्ह. जवळ गेल्यावर ओळखलं. स्थानिकांना रोजगार दिला का, असा एक रकाना त्या परदेशी तक्त्यात होताच.

"चाचा, आप?"

"नमस्ते मैडम," तो म्हणाला आणि पाइप दुसऱ्या रोपाकडे वळवला. मी सारसांचं विचारलं. जोडी एक वर्ष आली होती, भरावावरच काड्या गोळा करत होती. अंडं घातलं की नाही ते त्याला माहीत नव्हतं. तेव्हा त्याची ड्यूटी पुढच्या गेटवर होती. एवढं सांगून तो कामाला लागला. त्याला माझ्याशी बोलायचं नव्हतं आणि मला तिथून हलता येत नव्हतं. ड्रायव्हरने हॉर्न दिला तेव्हा सुटले.

त्यानंतर मी जे केलं ते धाडस म्हणून सांगण्यासारखं नाही. मुलगी बारावी होऊन पुण्याला शिकायला गेली, आणि मग मला हिंमत आली, म्हणजे गमावण्यासारखं कमी उरलं. मी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी खणातले पहिल्या वर्षाचे नकाशे पिशवीत घातले आणि पुढच्या सोमवारी तहसीलच्या कचेरीत गेले.

खिडकीतल्या बाबूने 'इथे ताल होता, तो बुजवला' हा माझा अर्ज वाचला, जमिनीचा नंबर पाहिला, आतून एक फाइल काढून आणली. "इस नंबर पर तो ऊसर दर्ज है."

मी नकाशे पसरले. हे बघा, कार्तिकातलं पाणी, हे थंडीतलं. हे शिंगाड्याचे वेल, हा नाला. मी वर्गात शिकवावं तसं समजावत होते. त्याने शांतपणे ऐकलं. मग फाइलमधून एक गुळगुळीत कागदाचा अहवाल काढला, मुखपृष्ठावर निलगिरी. कंपनीने रस्त्याची परवानगी पक्की करताना तो जोडला होता.

"इसमें विशेषज्ञ ने लिखा है कि आधार वर्ष में भी ऊसर, आज भी ऊसर. बदलाव शून्य." त्याने पान उलटून मला दाखवलं. "ये दस्तख़त किसके हैं?"

"मेरे."

त्याने अहवाल बंद केला. माझ्या मागे रांग होती, कोणीतरी जल्दी करो म्हणत होतं. "तो मैडम," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच त्याला कळत नव्हतं, "शिकायत आप किसकी कर रही हैं?"

मी अर्ज मागे घेतला नाही. माझ्या त्या अहवालात काय चुकीचं आहे आणि ते कोणी केलं, ते तिथेच उभ्याने कोऱ्या कागदावर लिहून अर्जाला जोडलं, माझ्या नावासकट. त्याने शिक्का मारून पोच दिली. बाहेर येऊन नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला, "बरं केलंस," आणि लगेच विचारलं, "याच्यात आपल्याले काही त्रास तर होणार नाही ना?" मी म्हणाले, माहीत नाही.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. त्रास काहीच झाला नाही. कचेरीत मी चार वेळा जाऊन आले. फाइल वर गेली आहे, असं सांगतात. परवा एका कंपनीचा फोन आला होता, त्यांना त्यांच्या जागांचं असंच मोजमाप करून हवं आहे. मी म्हणाले, तीन ऋतूंची चित्रं घेईन, आणि लोकांना विचारून लिहीन. पलीकडची बाई समजूतदारपणे म्हणाली, विचार करून कळवते. तिचा फोन आलेला नाही.